कमी-जास्त शक्तीच्या गाड्या आणि एकच अंतिम रेषा

वाशीकडून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग नवी मुंबईतल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा, रुंद आणि बराचसा सरळ असा हा रस्ता. एका अंगाला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला सानपाडा, नेरूळ, सीवूड्स या वसाहती. अशा रस्त्यावर रात्री उशिरा मोटारसायकली आणि मोटारींच्या बेकायदा शर्यती लागतात, अशा तक्रारी गेली अनेक वर्षे होत आल्या आहेत. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा तिच्यात भाग घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. वर्गात हा विषय निघाला की आपण शिक्षक बहुधा इथेच थांबतो. पण अकरावी-बारावीच्या मुलांच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो : कोणाची गाडी खरोखर भारी? हा प्रश्न वाटतो तितका उथळ नाही. त्याचे उत्तर शोधताना गतिज ऊर्जा, घनमूळ आणि संख्याशास्त्र तर लागतेच, शिवाय ‘न्याय्य तुलना म्हणजे काय’ हा आपल्या रोजच्या व्यवसायातला प्रश्नही समोर येतो.

सरळ रेषेत, उभ्या स्थितीतून सुटून ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीला ड्रॅग शर्यत म्हणतात. रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. आपल्याकडे अशा अधिकृत शर्यतींसाठी विमानांच्या धावपट्ट्या वापरल्या गेल्या. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात झालेल्या ‘व्हॅली रन’ शर्यती मुंबई-पुण्याच्या हौशी चालकांना परिचित आहेत. धावपट्टीच का, याचे उत्तर एका छोट्या गणितात आहे. शंभर अश्वशक्तीची साधी घरगुती मोटार पाव मैलाच्या शेवटी ताशी सुमारे १२३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३४ मीटर वेग गाठते. एवढ्या वेगातली गतिज ऊर्जा ही तीच मोटार ६० मीटर उंचीवरून खाली पडल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. साठ मीटर म्हणजे सुमारे वीस मजल्यांची इमारत. सीवूड्समधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवून हे विद्यार्थ्यांना सांगावे. कलम १८९ पेक्षा ते जास्त लक्षात राहते. ही सगळी ऊर्जा शर्यतीनंतर ब्रेकमध्ये जिरवायची असते. त्यासाठी अंतिम रेषेपुढे मोकळा, सरळ रस्ता लागतो, आणि तो गावातल्या रस्त्यावर कधीच मिळत नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

एका बाजूला ३७ अश्वशक्तीची जुनी मारुती ८०० आहे आणि दुसऱ्या बाजूला शंभर अश्वशक्तीची एक हजार किलो वजनाची मोटार. दोन्ही ‘स्टॉक’ आहेत, म्हणजे कारखान्यातून आल्या तशाच; इंजिनात फेरफार नाही. एकाच वेळी सोडल्या तर कोण जिंकणार हे पाहायला धावपट्टीपर्यंत जाण्याची गरज नाही. मग अशी शर्यत लावण्यात अर्थ कोणता? एक मार्ग असा की सारख्या गाड्यांचे वर्ग पाडावेत आणि फक्त वर्गातल्या वर्गात शर्यत लावावी. पण वर्ग फार झाले की प्रत्येकात दोन-तीनच गाड्या उरतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक वर्गाला एक प्रमाण वेळ ठरवून द्यावी. या वर्गातल्या चांगल्या राखलेल्या, चांगल्या चालवलेल्या गाडीला पाव मैलाला इतके सेकंद लागावेत, अशी ती अपेक्षा. हाच त्या वर्गाचा कार्यमान निर्देशांक. दोन वर्गांतल्या गाड्या समोरासमोर आल्या की निर्देशांकांतल्या फरकाइतका काळ मंद गाडीला आधी सोडायचे. दोघांनी आपापल्या निर्देशांकाबरहुकूम कामगिरी केली तर दोघे अंतिम रेषेवर एकाच क्षणी पोचतील.

अमेरिकेत ही पद्धत फार विस्ताराने विकसित झाली. तेथील एनएचआरए ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. १९६३ पासून तेथे सुटण्याचा इशारा देण्यासाठी झेंडेवाल्या माणसाच्या जागी दिव्यांचा खांब आला. दोन्ही मार्गिकांचे दिवे वेगवेगळ्या वेळी लागू शकत असल्याने सेकंदाच्या अंशापर्यंतची सवलत देणे सोपे झाले. वेळ प्रकाशकिरणांनी मोजतात. चाक किरणातून बाहेर पडले की घड्याळ सुरू होते, त्यामुळे चालकाने हिरवा दिवा दिसल्यावर सुटायला लावलेला उशीर गाडीच्या वेळेत धरला जात नाही. तो वेगळा नोंदला जातो. दिव्याआधी सुटला तर चालक बाद.

आपल्या वाचकांना ही कल्पना अगदी परकी वाटू नये. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत वरचढ घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. तिथे सवलत किलोत, इथे ती सेकंदात. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत बैलगाडे एकेक करून सोडतात आणि घड्याळावर सेकंद मोजतात, म्हणजे प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, तो घड्याळात असतो. सातारा-सांगलीकडे बैलांचे दात पाहून आदत, दुसा असे गट पाडतात, हेही वर्गीकरणच. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी या शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. बैलाचे दात मोजता येतात. मोटारीचे दात कोणते, हा खरा प्रश्न आहे.

घनमूळ कोठून आले?

गाडीचे वजन आणि इंजिनाची शक्ती यांच्या गुणोत्तरावर वेळ अवलंबून असणार, हे उघड आहे. पण कशी? अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे बसते. समजा इंजिन पहिल्या क्षणापासून आपली पूर्ण शक्ती ‘श’ देत आहे, गाडीचे चालकासह वस्तुमान ‘म’ आहे आणि कुठेही ऊर्जा वाया जात नाही. ‘क’ इतक्या काळात इंजिनाने दिलेली ऊर्जा श × क. ती सगळी गतिज ऊर्जेत गेली, तर

अर्धा × म × (वेगाचा वर्ग) = श × क

म्हणजे वेग हा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वर्गमुळाच्या प्रमाणात वाढणाऱ्या राशीची सरासरी तिच्या अंतिम मूल्याच्या दोन-तृतीयांश असते (संकलन शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे, इतरांनी आलेखकागदावर चौकोन मोजावेत). म्हणून कापलेले अंतर = २/३ × अंतिम वेग × काळ. या दोन समीकरणांतून वेग काढून टाकला की

काळाचा घन = ९/८ × (म ÷ श) × (अंतराचा वर्ग)

म्हणजे काळ हा वजन-शक्ती गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. अंतर ४०२ मीटर घेतले, वजन किलोग्रॅममध्ये आणि शक्ती अश्वशक्तीत मांडली, तर सूत्र असे होते : वेळ = ६.२५ × (किलो प्रति अश्वशक्ती)चे घनमूळ. ही आदर्श वेळ झाली. प्रत्यक्षात सुरुवातीला टायर घसरतात, गिअर बदलताना शक्तीचा ओघ तुटतो, इंजिनाची पूर्ण शक्ती फक्त ठरावीक फेऱ्यांनाच मिळते, काही शक्ती गिअरपेटीत आणि काही हवेच्या विरोधात जाते. हौशी अभियंत्यांनी पुष्कळ गाड्यांच्या नोंदींवरून काढलेल्या सूत्रांत घनमूळ तसेच राहते, फक्त ६.२५ च्या जागी ७.६ ते ८.२ असा आकडा येतो. एवढ्या गोष्टी वगळूनही घनमूळ टिकून राहावे, ही आम्हाला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

सोयीसाठी ८ धरू. मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलो, चालक ७० किलो. ७२० भागिले ३७ म्हणजे सुमारे १९.५, त्याचे घनमूळ २.६९, वेळ २१.५ सेकंद. दुसरी मोटार चालकासह १०७० किलो, १०० अश्वशक्ती, १०.७ चे घनमूळ २.२, वेळ १७.६ सेकंद. अर्थात मारुतीला ३.९ सेकंद आधी सोडायचे. एका अश्वशक्तीमागे दुसऱ्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट वजन ओढणारी मारुती वेळेत मात्र सव्वापटीहूनही कमी मागे आहे, हा घनमुळाचा प्रताप.

याच घनमुळाची दुसरी बाजूही आहे. शक्ती दहा टक्क्यांनी वाढली तर वेळ सुमारे तीनच टक्क्यांनी घटते. तीन टक्के म्हणजे १७.६ सेकंदांत अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक. कमी वाटते ना? पण अंतिम रेषेवर गाडी सेकंदाला ३४ मीटर धावत असते. अर्धा सेकंद म्हणजे सतरा मीटर, पाच मारुती एकामागे एक उभ्या राहतील एवढे अंतर. तेव्हा ‘शक्ती’ या आकड्यावर विश्वास ठेवता येतो का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

कारखान्याचा आकडा आणि खरा आकडा

इंजिनाची जाहीर केलेली शक्ती प्रमाणित हवामानात मोजलेली असते आणि ती इंजिनाच्या दंडावर मिळणारी असते. चाकापर्यंत पोचेपर्यंत तिच्यातला काही भाग खर्च होतो. याहून गंभीर गोष्ट म्हणजे आकडा जाणूनबुजून कमी सांगता येतो. साठच्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांनी हे सर्रास केले. १९६८ च्या फोर्ड मस्टँगमधल्या ‘४२८ कोब्रा जेट’ इंजिनाची जाहीर शक्ती ३३५ अश्वशक्ती होती. जाणकारांच्या मते प्रत्यक्षात ती ४०० च्या आसपास किंवा अधिक होती. आपल्या सूत्रात घालून पाहा : ३३५ ऐवजी ४०० घेतले तर वेळ पावणेसहा टक्क्यांनी घटते. चौदा सेकंदांच्या गाडीला फुकटात आठ-दशांश सेकंद. कमी शक्ती जाहीर केली की गाडी मंद वर्गात बसते आणि तिथे ती अजिंक्य ठरते. म्हणून एनएचआरए कारखान्याचा आकडा जसाच्या तसा न घेता स्वतःचा दुरुस्त आकडा वापरते आणि प्रत्यक्ष शर्यतींच्या नोंदी पाहून तो वेळोवेळी बदलते.

आपल्याकडे बहुधा इंजिनाच्या घनमापावर, म्हणजे सीसीवर वर्ग पाडले जातात. हे मोजायला सोपे, फसवायला अवघड. पण शक्तीशी त्याचा संबंध सैल. टर्बो बसवलेले हजार सीसीचे इंजिन साध्या दीड हजार सीसीच्या इंजिनाची बरोबरी सहज करते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाचे घनमाप १.७ ने गुणून मग वर्ग ठरवतात. हा १.७ निसर्गाने दिलेला नाही. तो एक तडजोडीचा आकडा आहे, आणि कोणत्याही तडजोडीप्रमाणे तो काहींना स्वस्तात पडतो.

वर्गांच्या सीमांवरही असेच घडते. समजा एका वर्गात अश्वशक्तीमागे १० ते ११ किलोच्या गाड्या आहेत. दोन टोकांच्या वेळांत तीन टक्क्यांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक पडतो. निर्देशांक दोघांना एकच. तेव्हा शहाणा चालक गाडीत शिसे ठेवून किंवा काढून ती वर्गाच्या हलक्या टोकावर आणून ठेवतो. नियमभंग नाही, पण ज्याला हे गणित येत नाही त्याचे नुकसान आहे. शाळेतल्या ‘चौदा वर्षांखालील’ गटात जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे होते तेच.

विक्रमावरून निर्देशांक ठरवावा का?

भौतिकशास्त्रावर अवलंबून न राहता सरळ अनुभवावर जावे, असे कोणी म्हणेल. प्रत्येक वर्गात आजवरची सर्वोत्तम वेळ घ्यावी, तोच निर्देशांक. ही पद्धत अमेरिकेत सुरुवातीच्या काळात वापरली गेली. तिच्यात दोन दोष आहेत. त्यातला पहिला संख्याशास्त्रीय आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

वर्गात दोन फासे आणा. एका विद्यार्थ्याला ते पाच वेळा टाकू द्या, दुसऱ्याला चाळीस वेळा, आणि दोघांची सर्वात लहान बेरीज लिहा. फासे तेच, तरी पाच वेळा टाकणाऱ्याला दोन ही बेरीज मिळण्याची शक्यता १३ टक्के, तर चाळीस वेळा टाकणाऱ्याला ६८ टक्के. आता फाशांच्या जागी गाड्या घ्या. एका वर्गात पाच गाड्या धावतात, दुसऱ्यात चाळीस. दोन्ही वर्गांतल्या वेळा आपापल्या सरासरीभोवती सारख्याच पसरल्या आहेत, प्रमाण विचलन ०.३ सेकंद. वितरण प्रसामान्य धरले तर पाचांतली सर्वोत्तम वेळ सरासरीपेक्षा साधारण ०.३५ सेकंदाने कमी येईल, चाळिसांतली ०.६५ सेकंदाने. निर्देशांक विक्रमावरून ठरवला तर लोकप्रिय वर्गातल्या प्रत्येक चालकाला ०.३ सेकंदाचा दंड बसतो, आणि तो कशाबद्दल? त्याच्यासारखी गाडी पुष्कळांनी घेतली म्हणून. दहा मीटरचे हे अंतर कोणाच्याही कौशल्याशी संबंधित नाही. उलट एखादी दुर्मीळ गाडी शोधून आणणाऱ्याला सैल निर्देशांक आयता मिळतो. यावर उपाय साधा आहे. विक्रमाऐवजी मध्यक घ्यावा, किंवा वरच्या एक-तृतीयांश वेळांची सरासरी. गाड्यांच्या संख्येवर या राशी फारशा अवलंबून नसतात. मात्र पाच गाड्यांच्या वर्गात मध्यकही डळमळीतच राहणार. तिथे घनमुळाचे सूत्र जास्त विश्वासार्ह.

दुसरा दोष माणसांच्या स्वभावातला आहे. तुम्ही विक्रम मोडला की तुमचाच निर्देशांक कडक होतो आणि पुढच्या शर्यतीत तुम्हीच अडचणीत येता. मग चालक काय करतात? शेवटच्या काही मीटरांत हलकेच ब्रेक दाबतात. जिंकायचे, पण जेमतेम. गाडीची खरी क्षमता लपवून ठेवण्याच्या या कलेत काही जण इतके तरबेज झाले की घड्याळापुढे गाड्यांच्या खऱ्या वेळा येणेच बंद झाले. ज्या नोंदींवर निर्देशांक ठरायचा त्याच नोंदी निर्देशांकाच्या भीतीने खोट्या झाल्या. मोजमापाने मोजली जाणारी वस्तूच बदलावी, हे शिक्षकांना वेगळे समजावून सांगायला नको. पहिल्या चाचणीत मुद्दाम कमी गुण देऊन वर्षाअखेर ‘प्रगती’ दाखवण्याचा मोह कोणत्याही प्रगती-तक्त्याभोवती घुटमळत असतोच.

यावर अमेरिकन हौशी चालकांनी शोधलेला तोडगा मजेदार आहे. चालकाने आपली अपेक्षित वेळ स्वतःच जाहीर करायची. सवलत तिच्यावरून ठरणार. पण जाहीर केलेल्या वेळेहून कमी वेळात पोचलात तर ‘ब्रेकआउट’ होऊन तुम्ही हरलात. दोघांचाही ब्रेकआउट झाला तर ज्याची मर्यादा कमी ओलांडली गेली तो जिंकला. वेळ फार सैल सांगितली तर ब्रेकआउटचा धोका, फार कडक सांगितली तर ती गाठता येत नाही. खरे बोलणे हेच फायद्याचे ठरते. एनएचआरएच्या स्टॉक गटात आज या दोन्हींची सांगड घातलेली दिसते. पात्रता फेरीत गाडी वर्ग-निर्देशांकाच्या किती खाली गेली ते पाहतात, बाद फेऱ्यांत चालकाने निर्देशांकाइतकी किंवा त्याहून कडक वेळ जाहीर करायची, आणि एकाच वर्गातल्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर सवलत नाही, ब्रेकआउटही नाही. जो आधी तो विजयी. आपल्याकडच्या वेळ-वेग-अंतर रॅलींत ठरल्यापेक्षा लवकर पोचल्यासही दंडगुण मिळतात, त्याच्याशी हे जुळते. यात मग वेगाची शर्यत कुठे राहिली, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खरा आहे. ही सातत्याची आणि अंदाजाची शर्यत होते. पण ३७ अश्वशक्तीची गाडी घेऊन येणाऱ्या मुलाला दुसऱ्या कोणत्या शर्यतीत प्रामाणिकपणे जिंकता येईल, हेही आक्षेपकांनी सांगावे.

सेकंद मोजावेत की टक्के?

पात्रता फेरीतल्या ‘निर्देशांकाच्या किती खाली’ या प्रश्नात एक सापळा आहे. दहा सेकंदांच्या निर्देशांकाची एक गाडी आणि वीस सेकंदांची दुसरी. दोघीही निर्देशांकाच्या अर्धा सेकंद खाली गेल्या. गुणतक्त्यात दोघी सारख्या. पण पहिलीने पाच टक्के वेळ कमी केली आणि दुसरीने अडीच. घनमुळाचा नियम उलटा लावला तर पहिलीला त्यासाठी सुमारे १७ टक्के जास्त शक्ती लागली, दुसरीला फक्त ८ टक्के. म्हणजे फरक सेकंदांत मोजला की मंद गाड्यांना ते स्वस्तात मिळते. टक्क्यांत मोजले तर हा दोष जातो. पण मंद गाड्यांच्या वेळांचा पसार मुळातच टक्केवारीत वेगळा असेल, तर दुसरा दोष शिरतो. त्याही पुढे जाऊन प्रत्येक वर्गाचे प्रमाण विचलन हेच एकक धरता येईल. एमएचटी-सीईटीसारख्या अनेक सत्रांत होणाऱ्या परीक्षांत गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात त्यामागे हाच विचार आहे : अवघड आणि सोप्या प्रश्नपत्रिकांची तुलना गुणांवरून न करता आपापल्या सत्रातल्या स्थानावरून करावी. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले असते, की प्रत्येक सत्रातले विद्यार्थी एकूणात सारखेच तयार आहेत. हजारो विद्यार्थी सत्रांत आपोआप विखुरले गेले तर ते बरेचसे खरे असते. शर्यतीत मात्र चालक आपला वर्ग स्वतः निवडतो. एखाद्या वर्गात सगळे मुरलेले चालक जमले, तर तिथला नवखा मुलगा पर्सेंटाइलच्या तळाशी दिसेल, आणि ती गाडीची किंवा त्याची चूक नसेल.

हवेचाही विचार करावा लागतो. इंजिन जळण्यासाठी हवा ओढते, आणि हवा सगळीकडे सारखी दाट नसते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तिथली हवा नवी मुंबईपेक्षा जवळजवळ सहा टक्के विरळ. शक्ती तेवढीच घटते, आणि १७.६ सेकंदांची गाडी सुमारे ०.३५ सेकंद जास्त घेते. उन्हाळ्यातल्या ३५ अंश तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सात टक्के विरळ असते, आणि त्यात आपल्या खाडीकाठची दमट हवा असेल तर ऑक्सिजनच्या वाट्याची आणखी चारेक टक्के जागा पाण्याच्या वाफेने घेतलेली असते. सगळ्या गाड्यांवर सारखाच परिणाम झाला असता तर प्रश्न नव्हता. पण टर्बो गाडीचा पंखा विरळ हवाही दाबून आत भरतो, त्यामुळे तिचे नुकसान बरेच कमी. वाशीत न्याय्य ठरलेला निर्देशांक घाटावर गेला की टर्बोवाल्याच्या बाजूने झुकतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या, साडेसतराशे मीटरवरील बँडिमिअर धावपट्टीवर (ती २०२३ मध्ये बंद झाली) निर्देशांकांना उंचीचे गुणक लावत. विजेवर चालणाऱ्या मोटारीला तर हवा लागतच नाही, गिअर बदलावे लागत नाहीत आणि पूर्ण ओढ पहिल्या क्षणापासून मिळते. आपल्या सूत्रातला आकडा तिच्यासाठी ८ वरून ६.२५ च्या दिशेने सरकतो. वजन-शक्ती गुणोत्तर सारखे असले तरी तिला पेट्रोल गाडीच्या वर्गात बसवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

मग निर्देशांक न्याय्य आहे की नाही हे तपासायचे कसे? मोसमाअखेरीस प्रत्येक वर्गासाठी ‘निर्देशांक वजा प्रत्यक्ष वेळ’ असे अंतर काढून त्याच्या टक्केवारीचे आलेख एकाखाली एक मांडावेत. सगळे आलेख एकाच जागी केंद्रित आणि सारख्याच रुंदीचे आले तर निर्देशांक बरे. एखादा वर्ग सातत्याने उजवीकडे सरकलेला असेल तर त्याचा निर्देशांक सैल आहे. आलेख उजव्या अंगाला एकदम कापल्यासारखा दिसला, तर तिथे चालक ब्रेक दाबत आहेत असे खुशाल समजावे. नुसते कोणत्या वर्गाने किती बक्षिसे जिंकली हे मोजू नये. चाळीस गाड्यांच्या वर्गाला पाच गाड्यांच्या वर्गापेक्षा जास्त बक्षिसे मिळणे हे ओघानेच आले.

आमचे मत विचाराल तर सुरुवात घनमुळाच्या सूत्राने करावी, मोसमाच्या नोंदींतल्या मध्यकावरून ती दुरुस्त करावी, दुरुस्तीला एका वर्षात एक टक्क्याहून अधिक मुभा नसावी, आणि मोसम चालू असताना आकडा मुळीच हलवू नये. तरीही एक गोष्ट उरतेच. न्याय कोणाला द्यायचा आहे? चालकाच्या कौशल्याला, गाडी राखणाऱ्या मिस्त्रीच्या मेहनतीला, की जास्त पैसे घालून चांगली गाडी आणणाऱ्याला? वर्ग-निर्देशांक पहिल्या दोघांच्या बाजूने उभा राहतो आणि तिसऱ्याचा फायदा काढून घेतो. स्वतः जाहीर केलेली वेळ फक्त चालकाच्या बाजूने आहे. रात्र जागून इंजिन सुधारणाऱ्या मिस्त्रीला तिच्यात काहीच मिळत नाही, कारण सुधारलेली वेळ लगेच जाहीर करावी लागते. सरळ एकत्र सोडणे हे उरलेल्याच्या बाजूने. तिघांनाही एकाच आकड्याने न्याय देता येत नाही, आणि जो आयोजक तसा दावा करतो त्याने आपले आकडे दाखवावेत.

हा सगळा प्रयोग शाळेच्या मैदानावर गाडीशिवाय करता येतो. पाचवी ते नववीच्या मुलांना पन्नास मीटर धावायला लावून वेळा नोंदवा आणि प्रत्येक इयत्तेचा मध्यक काढा. हा त्या इयत्तेचा निर्देशांक. पुढच्या आठवड्यात प्रत्येक इयत्तेतला एकेक धावपटू घेऊन निर्देशांकांच्या फरकाने सोडा. पाचवीच्या मुलीला नववीच्या मुलाआधी दीड-दोन सेकंद सुटायला मिळेल. शिट्टीऐवजी हातातला रुमाल खाली आणून इशारा द्या आणि वेळ मोजणाऱ्याला रुमालाकडे पाहूनच घड्याळ सुरू करायला सांगा, कारण शिट्टीचा आवाज पन्नास मीटरवर पोचायला सुमारे दीड-दशांश सेकंद लागतो. निदान वीस शर्यती होऊ द्या आणि कोणत्या इयत्तेच्या वाट्याला किती विजय आले ते फळ्यावर मांडा. मात्र पहिल्या आठवड्यातल्या वेळा कशासाठी घेतल्या हे मुलांना आधी सांगू नका. दुसऱ्या फेरीसाठी नव्या वेळा घ्याल तेव्हा त्यांना ते ठाऊक असेल. पहिल्या आणि दुसऱ्या नोंदींचे मध्यक शेजारी शेजारी लिहा आणि कोणती इयत्ता अचानक मंदावली ते पाहा.